शिक्का मोठा की जीव?

ढगात शिरलेल्या वैमानिकाला वर कुठे, खाली कुठे हे शरीर सांगू शकत नाही. ते सांगतं कृत्रिम क्षितिज. जुन्या सेसनात त्याचा जायरो इंजिनावरच्या व्हॅक्यूम पंपाच्या जोरावर फिरतो. पंप गेला की जायरो मंदावतो, क्षितिज हळूहळू कलतं आणि बिचारा वैमानिक त्या खोट्या क्षितिजावर विश्वास ठेवून विमान कलवतो. जीव गेलेत यात लोकांचे.

अमेरिकेत घरी विमान बांधणाऱ्या हौशी मंडळींनी 2000 नंतरच्या दशकातच डायनॉनचे इलेक्ट्रॉनिक पडदे बसवले. आत चिपवरचे सेन्सर, पंपाची भानगडच नाही. शेजारच्या हँगरमधल्या सेसनात मात्र जुनं काढून हे लावायला परवानगी नाही! का? तर पडद्यावर सरकारी शिक्का नाही.

शेवटी ईएए या हौशी वैमानिकांच्या संघटनेने पाठपुरावा केला आणि 2016 साली एफएएने डायनॉनचा डी10ए सेसना 172 मध्ये चालेल असं मान्य केलं. आता बोला!

घरी बांधलेल्या विमानांना अपघात जास्त होतात, मान्य. पडदा लावला म्हणून ढगात उडता येत नाही, हेही मान्य. पण चांगलं उपकरण वर्षानुवर्षं दाराबाहेर ठेवणं, याला सुरक्षा म्हणायचं? मी तरी नाही म्हणणार.