गुरूचा मान आणि घरचे मौन

आपल्या कुटुंबांत गुरूचा पाट मानाचा. पूजेस आलेले उपाध्याय, चातुर्मासात उतरलेले स्वामी, मुलांस स्तोत्रे शिकविणारे शास्त्री यांस माजघरापर्यंत मोकळी वाट असते. आणि त्यांतील बहुतेक सज्जन या विश्वासास पात्रही असतात. परंतु याच वाटेने एखादा दुर्जन आत शिरला व त्याने मुलाबाळांशी किंवा सुनालेकींशी अतिप्रसंग केला, तर घरातील वडीलधाऱ्यांचे कर्तव्य काय?

हा प्रश्न मुंबईस नवा नाही. २१ ऑक्टोबर १८६० रोजी करसनदास मुळजी यांनी आपल्या 'सत्यप्रकाश' या गुजराती पत्रात वल्लभ संप्रदायातील महाराजांच्या अनाचारावर लेख लिहिला. जदुनाथजी महाराजांनी त्यांच्यावर ५०,००० रुपयांची अब्रुनुकसानीची फिर्याद लावली. महाराजांविरुद्ध कोणी साक्ष देऊ नये म्हणून भाटिया ज्ञातीच्या पुढाऱ्यांनी बंदी घातली. त्याबद्दल त्यांच्यावर कटाचा खटला होऊन त्यांना दंड झाला. आपले डॉ. भाऊ दाजी लाड यांनी मात्र न डगमगता वैद्य या नात्याने साक्ष दिली. २२ एप्रिल १८६२ रोजी निकाल लागला व लेखातील आरोप खरे ठरले. जे नीतीस निंद्य, ते धर्मास वंद्य होऊ शकत नाही, असा न्यायमूर्ती अर्नोल्ड यांच्या निर्णयाचा आशय होता.

तथापि या दाव्यात फिर्यादी महाराज होते आणि प्रतिवादी सत्य सांगणारा लेखक. ज्या स्त्रियांचा मान गेला त्यांच्या वतीने कोणीच फिर्यादी नव्हते. महाराजांची अपकीर्ती झाली. शिक्षा झाली नाही.

आज कायद्याने ही उणीव बरीच भरून काढली आहे. बालकांच्या संरक्षणाचा २०१२ चा 'पॉक्सो' कायदा धर्मसंस्थेच्या चालकाने वा सेवकाने तेथील बालकावर केलेला अत्याचार अधिक गंभीर मानतो. विश्वासाच्या वा अधिकाराच्या स्थानी असलेल्याने तो बालकाच्या घरी केला तरीही तसेच. अशा बलात्कारास २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान २० वर्षांची सक्तमजुरी आहे. प्रौढ स्त्रीच्या बाबतीत भारतीय न्याय संहितेने विश्वासस्थानी असलेल्या पुरुषास किमान १० वर्षे सांगितली आहेत. शिवाय महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानुसार, 'तू पूर्वजन्मीची माझी पत्नी' असे भासवून किंवा दैवी शक्तीने अपत्य देतो म्हणून संबंध ठेवणाऱ्या बाबास सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. या कायद्यासाठी झटणारे डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची त्याच वर्षी २० ऑगस्टला पुण्यात हत्या झाली, हे विसरता येत नाही.

परंतु गृहस्थांनी मनावर कोरून ठेवावे असे कलम निराळेच आहे. बालकावरील अत्याचार ठाऊक असूनही पोलिसांस न कळविणे हाच 'पॉक्सो'खाली अपराध असून त्यास सहा महिन्यांपर्यंत कैद सांगितली आहे. म्हणजे १८६१ साली ज्ञातीने जे मौन लादले, ते आज आजोबांनी घरात लादले तरी कायदा त्यांच्याकडे बोट दाखवील.

'घराण्याची अब्रू जाईल' हे भय खरे आहे. भिवंडी तालुक्यातील वळसारख्या गावात, जेथे घरटी ओळख असते, ते अधिकच जाचते. पण कायद्याने त्याचाही विचार केला आहे. बालकाचे नाव प्रसिद्ध करण्यास मनाई आहे; जबाब घरीच, शक्यतो स्त्री अधिकाऱ्याने व गणवेशावाचून घ्यावयाचा असतो; सुनावणी बंद दाराआड होते. १०९८ या क्रमांकावर दूरध्वनी करूनही साह्य मिळते.

एवढी सोय असता उरते ते आपले काम. मूल अडखळत काही सांगू लागले, तर 'गुरुजींबद्दल असे बोलू नये' या एका वाक्याने त्याचे तोंड कायमचे बंद होते. ते वाक्य गिळावे, मुलास जवळ घ्यावे आणि त्याचे बोलणे शेवटपर्यंत ऐकावे. सच्च्या गुरूच्या मानास त्याने रेसभरही उणेपणा येत नाही.