गहू आणायचा की पीठ?



माझ्या जेवणाच्या डब्यात मावेल एवढा एक संगणक आमच्या शाळेत आहे. एटीएम कार्डाएवढी हिरवी पट्टी. तिच्यावरच प्रोसेसर, मेमरी, यूएसबीची चार तोंडे आणि कडेला ४० पिना. टीव्ही, की-बोर्ड आणि जरा ताकदीचा चार्जर जोडला की काम सुरू. नाव रास्पबेरी पाय. इंग्लंडमधील केंब्रिजच्या रास्पबेरी पाय फाउंडेशनने २०१२ साली पहिला पाय बाजारात आणला, तो मुलांना प्रोग्रामिंग शिकता यावे म्हणूनच. आमचा २०१६ सालच्या तिसऱ्या पिढीतला आहे. माझ्या बहिणीचा मुलगा दुबईला नोकरी करतो. सुट्टीवर येताना त्याने आपला वापरून झालेला पाय आमच्या शाळेसाठी आणून दिला.

नववीतल्या एका मुलीने या पायवर विज्ञान प्रदर्शनासाठी एक उपकरण करायला घेतले. खोक्यात टोमॅटो ठेवायचा, वरून कॅमेऱ्याने पाहायचे आणि रंगावरून सांगायचे की तो कच्चा, पिकत आलेला की पिकलेला. तिच्या घरी संगणक नाही. ती प्रोग्राम आधी वहीत लिहायची आणि मधल्या सुट्टीत पायवर टंकायची. जोडाक्षरे गिरवावीत तशी एकेक ओळ स्वच्छ अक्षरात.

या कामाला ओपनसीव्ही नावाची लायब्ररी लागते. चित्रातले रंग, आकार ओळखण्याची तयार साधने तिच्यात असतात आणि ती मोफत आहे. ती बसवायचे काम मी अंगावर घेतले. कुठेतरी मिळालेली जुनी कृती समोर ठेवली. मूळ सांकेतिक मजकूर उतरवा, तो पायवरच कंपाइल करा आणि मग बसवा, असे तीत लिहिले होते. प्रदर्शनाला चार दिवस राहिले होते. पाय घरी आणला, टीव्हीला जोडला, इशानंतर आज्ञा दिली आणि आकड्यांची टक्केवारी हळूहळू चढताना पाहत बसले. तासाभराने माउस हलेनासा झाला. आमच्या पायला मेमरी अवघी १ जीबी आहे. ती भरली आणि बिचारा एसडी कार्डालाच मेमरीसारखे वापरू लागला. रात्री दोनच्या सुमारास वीज गेली. सकाळी तो सुरूच झाला नाही. लिहिता लिहिता वीज गेल्याने कार्ड बिघडले होते आणि त्या मुलीचा सगळा प्रोग्राम त्याच कार्डावर होता. दुसरी प्रत ठेवण्याचे मला सुचले नव्हते.

शाळेत जाऊन तिला सांगणे मला फार जड गेले. ती थोडा वेळ गप्प उभी राहिली, मग दप्तरातून वही काढली. म्हणाली, “आपा, शेवटची दोन पानं बाकी आहेत लिहायची. पण ती मला आठवतात.”

संध्याकाळी भाच्याला फोन लावला. त्याने सगळे ऐकून घेतले आणि एकच विचारले, “खाला, आधी ॲप्टला विचारलं होतंस का?”

नव्हते विचारले. आजचा लेख त्या एका प्रश्नावर आहे. हल्ली बऱ्याच घरांत मुलांच्या हाती असे एका पट्टीचे संगणक येऊ लागले आहेत. काय बसवायचे हे मुलांना ठाऊक असते. कुठून बसवायचे, हे कोणी सांगत नाही.

संगणकावर साधने बसवण्यासाठी पॅकेज मॅनेजर नावाचा प्रोग्राम असतो. मागितलेली वस्तू तो शोधतो, तिला लागणाऱ्या बाकीच्या वस्तू सोबत आणतो, जागच्या जागी लावतो आणि नको झाली की काढूनही टाकतो. मोबाइलवरच्या प्ले स्टोअरचाच हा भाऊ, फक्त चित्रे नसलेला. अडचण एवढीच की असे मॅनेजर पुष्कळ आहेत आणि प्रत्येकाचा गोदामवाला वेगळा.

निवड करताना एक घरगुती गोष्ट लक्षात ठेवावी. कोणतेही साधन दोन रूपांत मिळते. एक म्हणजे गहू, दुसरे म्हणजे पीठ. प्रोग्रामरने लिहिलेला मूळ मजकूर म्हणजे गहू. संगणकाला थेट चालवता येईल असा तयार केलेला प्रोग्राम म्हणजे पीठ. कंपाइल करणे म्हणजे दळणे. टेबलावरचा मोठा संगणक ही गिरणी आहे, पाय हे हातजाते. जात्यावर दळता येत नाही असे नाही, पण पोतेभर गहू कोणी जात्यावर घेऊन बसत नाही. मी त्या रात्री नेमके तेच केले होते.

आणखी एक गोष्ट आहे. बहुतेक टेबलावरच्या संगणकांत इंटेल किंवा एएमडीचा प्रोसेसर असतो. पायमध्ये मोबाइलसारखा एआरएम प्रोसेसर असतो. एकासाठी दळलेले दुसऱ्याला चालत नाही. म्हणून मॅनेजर निवडताना पहिला प्रश्न हाच विचारायचा, की माझ्या पट्टीसाठी दळलेले तयार पीठ याच्याकडे आहे का?

पायची स्वतःची कार्यप्रणाली, रास्पबेरी पाय ओएस, डेबियन या लिनक्सवर उभी आहे. डेबियनचे काम १९९३ पासून जगभरचे स्वयंसेवक करीत आले आहेत. त्यांचा मॅनेजर म्हणजे ॲप्ट, इंग्रजीत ए-पी-टी ही तीन अक्षरे. २०२३ साली आलेल्या डेबियनच्या बाराव्या आवृत्तीत ६४ हजारांहून अधिक पॅकेजे होती. ती एआरएमसाठी आधीच दळून ठेवलेली असतात. शिवाय गोदामाच्या यादीवर डिजिटल सही असते. उतरवलेली वस्तू त्या यादीशी जुळते का, हे ॲप्ट स्वतः तपासतो. मध्ये कोणी भेसळ केली तर तो वस्तू घेत नाही. याउलट, अनोळखी ठिकाणची एक ओळ उचलून ‘सुडो’ लावून चालवणे म्हणजे न पाहिलेल्या माणसाला घराच्या सगळ्या किल्ल्या देणे. सुडो म्हणजे मालकाचा अधिकार. तो कोणाच्या हाती देतो आहोत, हे पाहायलाच हवे.

नव्या कार्डावर कार्यप्रणाली भरली आणि भाच्याने सांगितले तसे केले. आधी ‘सुडो ॲप्ट अपडेट’, म्हणजे गोदामाची ताजी यादी आणणे. मग ‘सुडो ॲप्ट इन्स्टॉल’ आणि पुढे ‘पायथन-३-ओपनसीव्ही’. अर्थात टंकायचे इंग्रजी अक्षरांत. जी वस्तू मी रात्रभर दळत होते, ती चहा उकळून गाळेपर्यंत बसली.

मग ॲप्टमध्ये काही खोट नाही का? आहे. डेबियन आपली स्थिर आवृत्ती बाहेर काढताना वस्तूंच्या आवृत्त्या ठरवून टाकतो. पुढे सुरक्षेच्या दुरुस्त्या येत राहतात, पण नवी कोरी आवृत्ती सहसा येत नाही. बाराव्या आवृत्तीत पायथन ३.११ आहे, तो ३.११ च राहतो. शिकणाऱ्या मुलाला याचा काही त्रास नसतो, उलट पुस्तकातला धडा आणि संगणक वर्षभर एकमेकांशी जुळतात. पण एखादी वस्तू गोदामात नसेलच तर?

आमच्या मुलीचे तसेच झाले. खोक्यातला ओलावा मोजण्याच्या सेन्सरची लायब्ररी ॲप्टकडे मिळाली नाही. ती पायथनच्या स्वतःच्या मॅनेजरकडे, पिपकडे होती. पिपला सांगितले तर पडद्यावर लाल अक्षरांत नकार. इथला पायथन बाहेरून सांभाळला जातो, असा त्या इंग्रजी वाक्याचा अर्थ. खालीच एक पळवाटही सुचवलेली होती. तिचे नावच ‘ब्रेक सिस्टिम पॅकेजेस’, म्हणजे कार्यप्रणालीच्या वस्तू मोडा. ती ओळ पुढे जोडली की पिप मुकाट्याने काम करतो. कितीतरी मुले ती जोडून मोकळी होतात.

जोडू नये. पायच्या कार्यप्रणालीतली काही साधने स्वतः पायथनवर चालतात. ॲप्टने ठेवलेल्या वस्तूवर पिपने दुसरी आवृत्ती आणून ठेवली, तर ती साधने अडखळतात आणि दोष कुठे आहे हे शोधता शोधता दिवस जातो. एकाच स्वयंपाकघरात दोघी जणी एकमेकींना न विचारता डबे बदलू लागल्या तर साखरेच्या डब्यात मीठ निघायचेच. म्हणूनच डेबियनच्या बाराव्या आवृत्तीपासून हा नकार येतो. ती अडवणूक नसून शहाणपण आहे.

यावर सरळ उपाय म्हणजे वेगळा कप्पा. पायथनमध्ये ‘व्हीएन्व्ह’ नावाची सोय आहे. एका प्रकल्पासाठी एक कप्पा करायचा, पिपला फक्त त्या कप्प्यात सामान ठेवू द्यायचे. मोडले तरी कप्पा मोडेल, घर शाबूत राहील. कप्पा करताना ‘सिस्टिम साइट पॅकेजेस’ हा पर्याय दिला की ॲप्टने बसवलेली ओपनसीव्हीसुद्धा कप्प्यातून दिसते, ती पुन्हा आणावी लागत नाही. शिवाय रास्पबेरी पाय ओएसमधला पिप पायव्हील्स नावाच्या गोदामातही पाहतो. तिथे खास पायसाठी, ३२ बिट एआरएमसाठी, पायथनच्या लायब्ररी दळून ठेवलेल्या असतात. म्हणजे पिप वापरला तरी बहुतेक वेळा गहू हाती येत नाही.

बाकीच्या दुकानांची नावेही मुलांकडून ऐकू येतील. होमब्रू मूळचा ॲपलच्या मॅक संगणकांसाठी झाला. लिनक्सवरही चालतो. पण ३२ बिट एआरएमसाठी त्याच्याकडे तयार वस्तू नाहीत, तिथे दळणच नशिबी येते. ६४ बिटसाठी त्याने अलीकडे तयार वस्तू ठेवायला सुरुवात केली आहे. स्नॅपची प्रत्येक वस्तू आपले सामान सोबत घेऊन येते, त्यामुळे भांडण होत नाही. मात्र जागा जास्त खाते आणि १६ जीबीच्या कार्डावर ते लगेच जाणवते. विज्ञानाच्या कामात कोंडा लोकप्रिय आहे. त्याची मिनीफोर्ज ही आवृत्ती ६४ बिट एआरएमवर चालते, ३२ बिटवर नाही. जावास्क्रिप्ट शिकणाऱ्यांना नोडची नवी आवृत्ती हवी असेल तर एनव्हीएम हा मॅनेजर ती घरच्या फोल्डरमध्ये आणून देतो, सुडोची गरज पडत नाही. पण पहिल्या पाय झीरोसारख्या जुन्या एआरएमसाठी नोडने बाराव्या आवृत्तीपासून अधिकृत तयार प्रती देणे थांबवले आहे. ही दुकाने वाईट नाहीत, मोठ्या घरांसाठी आहेत इतकेच.

आपल्या पट्टीवरची कार्यप्रणाली ३२ बिट की ६४ बिट, हे ‘डीपीकेजी’ला आर्किटेक्चर विचारले की कळते. पूर्ण आज्ञा ‘डीपीकेजी प्रिंट आर्किटेक्चर’ अशी आहे. उत्तर ‘एआरएमएचएफ’ आले तर ३२, ‘एआरएम६४’ आले तर ६४. काही विकत घेण्याआधी पायाचे माप घेतो, तसे हे आधी करावे.

तेव्हा मुलांना क्रम असा सांगावा. पहिल्यांदा ॲप्ट. तिथे नसेल किंवा फारच जुने असेल तर त्या भाषेचा स्वतःचा मॅनेजर, पण वेगळ्या कप्प्यात आणि सुडोशिवाय. तिसरे दुकान अगदी नाइलाज असेल तरच, आणि आपल्या प्रोसेसरसाठी त्याच्याकडे तयार माल आहे हे पाहून. दळण सगळ्यात शेवटी, हातात रिकामी रात्र आणि वीज जाणार नाही याची खात्री असेल तर.

एक गोष्ट मात्र मॅनेजर कोणताही असो, करायचीच. एसडी कार्ड आज ना उद्या जाते. ‘ॲप्ट-मार्क शोमॅन्युअल’ ही आज्ञा ॲप्टकडून मुद्दाम बसवलेल्या वस्तूंची यादी देते. ‘पिप फ्रीझ’ कप्प्यातल्या वस्तूंची यादी आवृत्तीसकट देते. या दोन याद्या आणि मुलाने लिहिलेले प्रोग्राम पेनड्राइव्हवर उतरवून ठेवावेत. बाजारातून आणलेले सामान पुन्हा आणता येते, मुलाने लिहिलेले परत आणून देणारा मॅनेजर अजून निघालेला नाही.

त्या मुलीने दोन मधल्या सुट्ट्यांत सगळा प्रोग्राम पुन्हा टंकला. वहीत नसलेली शेवटची दोन पाने तिने आठवून लिहिली. लिहिताना जुनी एक चूकही तिच्या ध्यानात आली, ती तिने दुरुस्त केली. प्रदर्शनात बक्षीस मिळाले नाही. पण सकाळी दहापासून संध्याकाळी पाचपर्यंत पाय एकदाही अडला नाही आणि लहान मुले रांग लावून आपापल्या डब्यातला टोमॅटो त्याला दाखवत होती.

आता त्या खोक्याच्या झाकणावर आतून एक कागद चिकटवलेला आहे. डावीकडे ॲप्टचे सामान, उजवीकडे पिपचे, खाली तारीख. अक्षर तिचे आहे. तळाशी तिने माझ्यासाठी एक ओळ उर्दूत लिहून ठेवली आहे: “आपा, रात को कंपाइल न करें।”