अन्व्याचा मढ: शिखराआधी हात जपा

जालना जिल्ह्यातील भोकरदन तालुक्यात, अन्वा गावी ‘मढ’ नावाचे पडके मंदिर आहे. त्याला सर्रास हेमाडपंती म्हटले जाते. वस्तुतः ते बाराव्या शतकातील, म्हणजे यादवांच्या पदरी असलेल्या हेमाद्रीच्या आधीचे. शिखर नाहीसे झाले आहे. गाभाऱ्यात आज शिवलिंग आहे, पण बाह्य भिंतींवरील देवकोष्ठांत विष्णूची आयुधे धारण केलेल्या स्त्रीमूर्ती आहेत. मंदिर मूळचे वैष्णव असल्याची ही मोठी खूण.

शंख, चक्र, गदा आणि पद्म चार हातांत चोवीस प्रकारे धरता येतात. केशव, नारायण, माधव ही विष्णूची नावे त्या क्रमावरूनच ठरतात. एक हात तुटला तरी उरलेल्या तिन्हींवरून मूर्ती ओळखता येते. दोन तुटले की दोन शक्यता उरतात. तिथे कुणी हौसेने सिमेंटची आयुधे बसवली, तर मूर्ती धडधडीत खोटे नाव सांगू शकते!

पडके मंदिर दिसले की नव्या शिखराची मागणी होते. श्रद्धा समजण्याजोगी आहे, क्रम मात्र चुकतो. आधी प्रत्येक मूर्तीच्या चारही हातांची छायाचित्रे व लेखी नोंद हवी. अन्व्याला जाणाऱ्या इतिहासप्रेमींच्या खिशात त्याचे साधन असतेच.