ही गोष्ट खरी घडली का हो?



कथा वाचून झाली की आपल्या माणसांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : 'हे खरंच घडलं का हो?' लेखक समोर असेल तर त्यालाच विचारतात, नसेल तर पुस्तक देणाऱ्याला. काही विद्वान मंडळींना हा प्रश्न अडाणीपणाचा वाटतो. आम्हाला तसे वाटत नाही. आम्ही पोटासाठी कारकुनी करतो. खतावणीत रक्कम चढवायची तर आधी व्हाउचर पाहावे लागते. ज्यांच्याविषयी शतकानुशतके दुसऱ्यांनीच मनाला येईल ते लिहिले, त्या माणसांनी आपल्यावर छापलेल्या ओळीचे व्हाउचर मागितले तर बिघडले कुठे?

आणि गंमत अशी की आपल्या कथाकारांनी हे व्हाउचर पुष्कळदा स्वतःच जोडून ठेवलेले आहे. कुणी प्रस्तावनेत, कुणी भाषणात, कुणी आत्मकथनात. पण प्रस्तावना वाचतो कोण! आपण थेट पहिल्या प्रकरणावर उडी मारतो.

अण्णाभाऊ साठे यांचेच पाहा. वाटेगावचा हा मुलगा शाळेत जेमतेम दीड दिवस टिकला, आईबापांबरोबर पायी मुंबईला आला, गिरणीत राबला आणि पुढे घाटकोपरच्या चिरागनगरच्या झोपडीत बसून कादंबऱ्या लिहू लागला. 'वैजयंता' ही त्यांची तमाशातल्या स्त्रीच्या जीवनावरची कादंबरी. तिच्या प्रस्तावनेत त्यांनी आपली लिहिण्याची रीत सांगून टाकली आहे. जे जगलो, पाहिले, अनुभवले तेच आपण लिहितो, कल्पनेच्या भराऱ्या आपल्याला जमत नाहीत, असा त्यांचा आशय आहे. उडण्याच्या बाबतीत त्यांनी स्वतःला पक्ष्यांत नव्हे, चक्क बेडकांत जमा केले आहे! मराठीत आपल्या प्रतिभेविषयी इतके बिनदिक्कत बोलणारा लेखक विरळाच.

पण मग 'फकिरा'चे काय? १९५९ साली आलेली, बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केलेली, १९६१ साली राज्य शासनाचा पुरस्कार मिळवणारी ही कादंबरी. दुष्काळात माणसे उपाशी मरू लागली तेव्हा धान्य आणि सरकारी खजिना लुटून त्यांना जगवणारा फकिरा हा अण्णाभाऊंच्या नात्यातलाच. अण्णाभाऊ १९२० साली जन्मले तेव्हा लुटीतले सुरती रुपये फकिराने बाळंतिणीच्या घरी दिले, ही हकिकत अण्णाभाऊ सांगत. म्हणजे पाळण्यातल्या पोराने फकिराचा पराक्रम काही डोळ्यांनी पाहिला नव्हता. तो त्याने आईच्या, आप्तांच्या तोंडून ऐकला. आम्हाला वाटते, खरी मेख इथे आहे. चुलीपुढे बसून जे पुन्हा पुन्हा ऐकले, तेही अण्णाभाऊंनी 'जगलो' याच खात्यात धरले. घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या गोष्टींना आपण 'जुनी टकळी' म्हणतो. अण्णाभाऊंनी त्यातून कादंबरी काढली.

आता दुसरी बाजू. आपल्या लेखकांनी 'हे आम्ही भोगले' असे सांगितले की काही समीक्षक लगेच म्हणत, 'बरोबर, अनुभव आहे, पण कला कुठे आहे?' जणू दुःख झाले की कथा आपोआप कागदावर उतरते! दुःखाने कथा होत असती तर आपल्या प्रत्येक वस्तीत शंभर कथाकार झाले असते.

बाबूराव बागूल यांची गोष्ट घ्या. नाशिकजवळच्या विहितगावचे बागूल माटुंगा लेबर कॅम्पात वाढले. पुढे रेल्वेच्या नोकरीसाठी सुरतेला गेले. तिथे खोली भाड्याने मिळेना, जात लपवून राहावे लागले. ते जिणे त्यांना सोसवेना, नोकरी सोडून ते मुंबईला परतले. 'जेव्हा मी जात चोरली होती' ही कथा यातून आली आणि १९६३ साली त्याच नावाचा संग्रह निघाला. व्हाउचर तर झाले. पण कथा उघडून बघा. तिथे जात लपवणारा 'मी' एकटा नाही. त्याच्यासमोर काशीनाथ नावाचा कामगार आहे, जो जात चोरत नाही आणि अपमान गिळत नाही. शेवटी मार खाणाऱ्या 'मी'ला वाचवायला तोच धावतो. एक माणूस गप्प, दुसरा पेटलेला. अपमान सोसताना आपल्या प्रत्येकाच्या पोटात ही दोन माणसे भांडत असतात. बागुलांनी त्यांना समोरासमोर उभे केले. सुरतेला काय घडले एवढेच लिहिले असते तर तो तक्रारअर्ज झाला असता. (तक्रारअर्ज आम्ही रोज आवक-जावक वहीत नोंदवतो. त्यातला एकही कुणी दुसऱ्यांदा वाचत नाही.)

म्हणून 'खरे घडले का?' एवढे विचारून थांबू नका. त्यातले काय ठेवले, काय गाळले, कुणाला नव्याने आणले, हेही लेखकाला विचारा. आमचा अनुभव असा की चांगला लेखक या प्रश्नाने खुलतो.

उर्मिला पवार यांनी तर हे फार सोप्या शब्दांत सांगितले आहे. 'सहावं बोट' आणि 'चौथी भिंत' या त्यांच्या कथासंग्रहांनंतर २००३ साली 'आयदान' हे आत्मकथन आले. आयदान म्हणजे कोकणात बांबूपासून विणतात त्या सुपे-टोपल्या. वडील गेल्यावर त्यांच्या आईने आयदाने विणून मुलांना वाढवले. आईचे ते विणणे आणि आपले लिहिणे यांची वीण एकच आहे, असे त्या म्हणतात. आमच्या भगिनींनी हे ध्यानात घ्यावे, कारण उर्मिलाताईंना काही लिहिण्यासाठी वेगळी खोली आणि रिकामी दुपार मिळाली नव्हती. सरकारी कचेरीतली नोकरी, मुलेबाळे, स्वयंपाक, त्यात एम. ए.चा अभ्यास, आणि त्या शिक्षणावरून घरातली कुरकुर, हे सगळे त्यांनी न लपवता लिहिले आहे. कांबट आधी सोलावी लागते, तासावी लागते, मगच ती वळते. आईच्या हाताकडे बघत मोठ्या झालेल्या मुलीला हे वेगळे शिकवावे लागले नसेल.

गेल्या महिन्यात महिला मंडळात आम्ही 'आयदान'मधली काही पाने वाचून दाखवली. वाचन संपल्यावर घरकाम करणाऱ्या एक ताई मागे थांबल्या. पिशवीतून त्यांनी मुलाची जुनी शाळेची वही काढली. मागच्या कोऱ्या पानांवर पेन्सिलीने अकरा पाने लिहिलेली होती, त्यांच्या सासूने सांगितलेली, दुष्काळात गाव सोडल्याची हकिकत. 'मी नव्हते तिथं, नुसतं ऐकलंय. चालेल का?' त्यांनी विचारले. आम्ही त्यांना 'फकिरा' नेऊन दिला आणि सांगितले, प्रस्तावनेपासून वाचा. अकरा पानांची आता सोळा झाली आहेत. सासूबाई रोज रात्री आणखी काहीतरी आठवून सांगतात, आणि मुलाला नवी वही घ्यावी लागली आहे.