कापलेला प्रत्येक रुपया लेखी द्या

मोटारसायकल पडली की आधी मोडतं ते प्लास्टिक. हेडलाइट, त्यावरचा व्हायझर, इंडिकेटर, पुढचं मडगार्ड, टाकीच्या बाजूची पॅनेल. आजच्या गाड्यांच्या हेडलाइटची काचसुद्धा काच नसते, पॉलिकार्बोनेट असतं. आणि विम्याच्या पॉलिसीत लिहिलेलं आहे की रबर, नायलॉन आणि प्लास्टिकच्या पार्टची निम्मी किंमत मालकाने भरायची. गाडी दहा वर्षं जुनी असो की परवा शोरूममधून बाहेर पडलेली असो. लोखंडी पार्टला पहिले सहा महिने कपात नाही, नंतर ती गाडीच्या वयाप्रमाणे वाढत जाते. खऱ्या काचेला कधीच कपात नाही. प्लास्टिकला मात्र पहिल्या दिवसापासून ५० टक्के.

चारचाकीला निदान पत्रा असतो, मोठ्या काचा असतात. दुचाकी पडते तेव्हा जे जमिनीला लागतं ते बहुतेक या निम्म्या किमतीच्या यादीतलं. कपातीचा हा तक्ता २००२ च्या इंडियन मोटर टॅरिफमधला आहे. १ जानेवारी २००७ पासून स्वतःच्या गाडीच्या नुकसानीसाठी किती प्रीमियम घ्यायचा ते ठरवायला कंपन्यांना मोकळीक मिळाली. त्यांच्या हाताला बांधलेली दोरी सुटली, ग्राहकाच्या गळ्यातला तक्ता मात्र तसाच राहिला. आणि मग याच कंपन्यांनी ‘झिरो डेप’ नावाने ती कापलेली निम्मी रक्कम जादा प्रीमियम घेऊन पुन्हा विकायला काढली. संरक्षण अर्धं द्यायचं, उरलेल्या अर्ध्याचे वेगळे पैसे घ्यायचे आणि दोन्ही वेळा माणसाला सांगायचं की तुमचा फुल इन्शुरन्स आहे. मी याला फसवणूक म्हणतो.

माझा अपघात पुणे-सातारा रस्त्यावर झाला. इंडिकेटर न देता वळलेल्या टेम्पोने मला पाडलं आणि खांद्याजवळचं हाड मोडलं. हाड जुळलं. गाडीचा हिशेब जुळवताना मात्र जे पाहिलं, त्याचा राग अजून गेलेला नाही आणि तो जाऊ द्यायची माझी इच्छाही नाही.

गॅरेजमध्ये पहिला प्रश्न येतो, “इन्शुरन्समध्ये करायचं की कॅशमध्ये?” गाडी तीच, मोडतोड तीच, मेकॅनिकही तोच. एस्टिमेट मात्र दोन. इन्शुरन्सचं एस्टिमेट फुगलेलं असतं, कारण कंपनी कापणार हे गॅरेजला ठाऊक असतं. कंपनी कापते, कारण गॅरेज फुगवणार हे तिला ठाऊक असतं. मालकाने तोंड उघडलं तर सांगतात, “तुम्हाला काय फरक पडतो, कंपनी देणार आहे.” हे धादांत खोटं आहे. प्लास्टिकच्या बिलात १,००० रुपये फुगवले तर त्यातले ५०० माझ्या खिशातून जातात. गॅरेजची चलाखी आणि कंपनीची कात्री यांच्यामध्ये जो उभा असतो, तो दोघांनाही पैसे देणारा एकमेव माणूस असतो, आणि त्यालाच कोणी काही विचारत नाही.

फोर्कच्या बाबतीत तर हे प्रकरण पैशापुरतं राहत नाही. माझ्या गाडीच्या पुढच्या फोर्कचे दोन्ही पाइप वाकले होते. हँडल सरळ धरलं तरी चाक डावीकडे जायचं. कंपनीच्या माणसाने गाडी पाहिली ती मोबाइलवर आलेल्या फोटोंत, आणि फोनवरून निकाल दिला: पाइप बदलायचे नाहीत, सरळ करून घ्यायचे. ५० हजारांखालच्या मोटर क्लेमला परवानाधारक सर्व्हेअर नेमण्याची सक्ती नाही, आणि सर्वसाधारण मोटारसायकलचा क्लेम तिथवर क्वचितच पोचतो. म्हणजे जे वाहन पडलं तर चालवणाऱ्याच्या अंगावर पत्र्याचं कवच नसतं, नेमकं तेच वाहन प्रत्यक्ष न पाहता दुरुस्तीला सोडायची मुभा.

वाकलेला पाइप प्रेसवर सरळ होतो, दिसायला अगदी नवा दिसतो. पण त्याच्यावरच्या क्रोमला तडे जातात, ऑइल सील गळायला लागतं आणि एकदा वाकून पुन्हा सरळ केलेल्या धातूत आधीची ताकद राहत नाही. पुढचा ब्रेक दाबला की सगळं वजन त्याच दोन पाइपांवर येतं. गॅरेजमधला जुना मेकॅनिक मला बाजूला घेऊन म्हणाला, “साहेब, सरळ करून देतो, पण अशा गाडीवर मी माझ्या पोराला बसवणार नाही.” मी म्हटलं, हेच मला कागदावर द्या, मी कंपनीला पाठवतो. तो काही बोलायच्या आत काउंटरवरचा सर्व्हिस अ‍ॅडव्हायझर मध्ये पडला. लिहून काही मिळणार नाही, म्हणाला. कंपनीशी त्यांचा कॅशलेसचा करार होता, आणि तो करार माझ्या जिवापेक्षा मोठा होता. पाइप मी स्वतःच्या पैशांनी बदलले.

२०२२ साली या देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं मेली. त्यांतली जवळपास ४५ टक्के दुचाकीवरची होती. हे ठाऊक असताना फोटो पाहून फोर्क ‘रिपेअर’ ठरवणाऱ्याला मी काटकसरी म्हणणार नाही. तो दुसऱ्याच्या जिवावर कंपनीचे पैसे वाचवतो आहे.

या सगळ्यात सर्वांत सोयीचं हत्यार म्हणजे तोंडी बोलणं. ‘हे बसत नाही’, ‘ते पास झालं नाही’, ‘अजून एक कागद लागेल’ – सगळं फोनवर. सही मात्र लगेच हवी असते: कोऱ्या क्लेम फॉर्मवर, आणि गाडी सोडवताना समाधानपत्रावर. गाडी फिरवून पाहायच्या आधी समाधान कसलं? आणि जुन्या पार्टची भंगारातली किंमत सॅल्व्हेज म्हणून माझ्या क्लेममधून कापली, तर तो पार्ट माझ्या हातात पडायला हवा. विचारल्याशिवाय कोणी देत नाही. विचारा.

आणखी एक धमकी नेहमीची: “क्लेम घेऊ नका, नो क्लेम बोनस जाईल.” बोनस फक्त स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या प्रीमियमवर असतो, थर्ड पार्टीच्या प्रीमियमवर नसतोच. तो २० टक्क्यांपासून सुरू होतो आणि ५० टक्क्यांपर्यंत जातो. दुचाकीच्या बाबतीत ही रक्कम किती, हे कागदावर मांडून पाहा आणि मगच ठरवा. भीती घालणारा एजंट ती मांडून दाखवत नाही.

सगळ्यात मोठा घात होतो तो दुसऱ्या वर्षी. सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने आलेला हा नियम चांगला आहे, कारण रस्त्यावर चिरडलेल्या माणसाला भरपाई मिळण्याची सोय त्यात आहे. पण त्याच कागदावर स्वतःच्या गाडीचं संरक्षण सहसा एकाच वर्षाचं असतं. शोरूममधला पोरगा सांगतो, “पाच वर्षं बघायला नको.” गावाकडचा माणूस त्यावर विश्वास ठेवतो, दुसऱ्या वर्षी पडतो आणि गॅरेजमध्ये त्याला कळतं की एक रुपयासुद्धा मिळणार नाही. शोरूमने हे ठळक अक्षरांत लिहून, वाचून दाखवून, मगच किल्ली द्यायला हवी.

कायदा ग्राहकाच्या विरुद्ध नाही, हे मी मुद्दाम सांगतो. विमा नियामकाच्या २०२४ च्या परिपत्रकांनुसार केवळ कागद कमी आहेत म्हणून क्लेम नाकारता येत नाही, आणि सर्व्हेचा अहवाल आल्यावर कंपनीने सात दिवसांत निर्णय द्यायचा असतो. सर्व्हेअरचा अहवाल हा अंतिम शब्द नव्हे, असं सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये प्रदीप कुमार प्रकरणात स्पष्ट सांगितलं आहे. तो निकाल एका ट्रकमालकाच्या बाजूने लागला. मोटारसायकलवाल्याला त्याचा उपयोग होत नाही, कारण पाच-सात हजारांसाठी कोण भांडणार, यावर कंपन्यांचा भरवसा आहे. हजारो माणसांचे असे पाच-सात हजार मिळून किती होतात, हे त्यांना पक्कं माहीत आहे.

नियामकाकडे माझी मागणी सरळ आहे. दुचाकीच्या प्लास्टिकवरची सरसकट निम्मी कपात रद्द करा. लोखंडाला जसा वयाप्रमाणे हिशेब आहे तसाच प्लास्टिकला लावा. फोर्क, चासी, चाक आणि ब्रेक यांबद्दलचा निर्णय फोटोंवरून घ्यायला बंदी करा. आणि कापलेल्या प्रत्येक रुपयाचं कारण मालकाला मराठीत, लेखी द्या.

तोवर वाचकांनी एवढं करावं. गॅरेजशी आणि कंपनीशी जे बोलाल ते ईमेलवर बोला. पार्टनिहाय कपातीचा तक्ता मागा. गाडी चालवून पाहिल्याशिवाय समाधानपत्रावर सही करू नका. कंपनीकडे लेखी तक्रार करा; एक महिन्यात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जा. त्याची कार्यालयं पुण्यात आणि मुंबईत आहेत, ५० लाखांपर्यंतची भरपाई तो देऊ शकतो, तक्रारीला फी नाही आणि वकील लागत नाही.