फोटो गोरा करू नका, लेझरसाठी तयार करा

शिक्षक मित्रांनो आणि पालकहो, निरोप समारंभ आला की हल्ली आपण सगळेच लाकडावर लेझरने कोरलेला फोटो देतो. शाल-श्रीफळाच्या जोडीला ते स्मृतिचिन्ह छान दिसतं, वर्गणीत खर्चही भागतो. आमच्या अमळनेरातही तेच चालतं. पण फोटो व्हॉट्सअ‍ॅपवरून दुकानात ढकलला की आपलं काम संपलं, हे मला पटत नाही. चूक माझ्याच हातून झाली, म्हणून सांगतो.

शाळेत पोषण आहार शिजवणाऱ्या मावशी काम सोडणार होत्या. मी गॅदरिंगच्या ग्रुप फोटोतून त्यांचा चेहरा कापला आणि पाठवून दिला. पहिला नमुना आला तो नुसता काळा डाग. मी म्हटलं, "जरा उजळ करा." दुकानात ब्युटी फिल्टरसारखं काहीतरी लावलं गेलं. चेहरा गुळगुळीत झाला, गोरा झाला, आणि कपाळावरचं ठसठशीत कुंकूच गायब! समारंभात मावशींनी पाटी हातात घेतली, हसल्या, आणि हळूच विचारलं, "हाई कोन शे, सर?" त्यांचे मालक पहिल्याच रांगेत बसलेले. मला मान वर करवेना.

कुंकू का गेलं, ते नंतर उमगलं. रंगीत फोटो कृष्णधवल करताना संगणक साधारणपणे लाल ३०, हिरवा ५९ आणि निळा ११ टक्के असं वजन देतो. त्या हिशोबात लाल कुंकू आणि सावळी त्वचा यांची करडी छटा जवळजवळ एकच येते. आपल्या डोळ्याला रंगातला फरक दिसतो, लेझरला रंग कळतच नाही. उपाय अवघड नाही. गिंपसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये फक्त हिरवा चॅनल घ्या, कुंकू गडद उठून येतं. चेहरा थोडा काळवंडतो, म्हणून 'कर्व्ह्ज'मध्ये मधल्या छटा तेवढ्या वर उचला. सगळ्यात काळं आणि सगळ्यात पांढरं जागेवरच राहू द्या.

उजेड वाढवणं वेगळं आणि गोरं करणं वेगळं. आपल्या वर्गातली बहुतेक मुलं सावळी आहेत. फोटोतला चेहरा 'सुधारायचा' म्हणजे पांढरा करायचा, हे त्यांनी आपल्याकडून शिकावं का? गालाखालची सावली, सुरकुत्या, नाकाची कड यांनीच माणूस ओळखू येतो. फिल्टर नेमकं तेच पुसतो.

"एवढा वेळ कुणाला आहे?" असं काही शिक्षक म्हणतील. माझं म्हणणं, हे काम मुलांनाच द्या. यात गणिताचा अख्खा तास आहे. लेझरचा ठिपका बहुधा एक तर जळतो, नाही तर जळत नाही. मग करडा रंग आणायचा कसा? ठिपके दाट-विरळ करून. फ्लॉइड आणि स्टाइनबर्ग यांची पद्धत सातवीच्या मुलालाही समजते. समजा एका ठिपक्याची छटा ९६ आहे (० म्हणजे काळा, २५५ म्हणजे पांढरा). १२८ पेक्षा कमी, म्हणून तो काळा केला. उरलेले ९६ शेजाऱ्यांना वाटायचे: उजवीकडे ७/१६ म्हणजे ४२, खाली डावीकडे ३/१६ म्हणजे १८, थेट खाली ५/१६ म्हणजे ३०, खाली उजवीकडे १/१६ म्हणजे ६. बेरीज करून बघा, ९६ च येते. अपूर्णांक कशाला शिकायचे, हा प्रश्न त्या दिवशी वर्गात आला नाही.

वर्तमानपत्रातला फोटो भिंगाखाली धरायला सांगा, तिथेही ठिपकेच दिसतील, फक्त लहान-मोठे. आपले दादासाहेब फाळके १९१३ मध्ये 'राजा हरिश्चंद्र' आणण्याआधी छपाईच्या ब्लॉकचाच धंदा करत होते, हेही ओघात सांगता येतं.

आकाराचा हिशोब मात्र आधी करा. दोन ओळींत ०.१ मिलिमीटर अंतर धरलं, तर १० सेंटिमीटर रुंदीला १००० पिक्सेल लागतात. ग्रुप फोटोतल्या चेहऱ्यात कधीकधी शंभरही नसतात, तिथे कुठलीच जादू चालत नाही. फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. ठिपके पाडल्यावर फोटो लहान-मोठा करू नका आणि जेपीजी नको, पीएनजी ठेवा. काळ्या ग्रॅनाइटवर कोरलेला भाग पांढरा उमटतो, तिथे फोटो उलटा, म्हणजे निगेटिव्ह करून द्यावा लागतो. आणि शाळेत उरलेला सनबोर्ड कृपा करून लेझरखाली देऊ नका. तो बहुधा पीव्हीसीचा असतो, त्याचा धूर विषारी असतो.

मावशींची दुसरी पाटी मुलांनी तयार केली. फोटो नवाच काढला, व्हरांड्यात, बाजूने येणाऱ्या उजेडात. त्याच लाकडाच्या तुकड्यावर आधी दोनदा नमुना काढून पाहिला. कुंकू आहे, सुरकुत्याही आहेत. पहिली पाटी अजून माझ्या कपाटात पडून आहे. वर्गात दाखवायला कुणाला हवी असेल तर घेऊन जा.