जाळीतून का गळत नाही?

नारायणगावच्या आसपास एस.टी.ने जाताना तुम्ही खोडदची दुर्बीण पाहिली असेल. शेतांच्या मधोमध उभ्या असलेल्या त्या प्रचंड बशा आता आपल्याला टोमॅटोच्या क्रेटइतक्याच सवयीच्या झाल्या आहेत. आपण खिडकीतून पाहतो आणि पुन्हा गप्पा मारू लागतो.

एकदा आठवीच्या वर्गात या दुर्बिणीचा विषय निघाला. एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, "सर, त्या बशीला तर जाळी आहे. जाळीत पाणी थांबत नाही. मग आकाशातून जे येते, ते कसे थांबते? ते खाली गळून का जात नाही?"

सारा वर्ग हसला. मागच्या बाकावरून कोणीतरी "सनकी!" म्हणाले. मला कबूल केले पाहिजे, मीही हसलो. "आधी धडा पुरा करू," असे सांगून मी तिला बसवले. पुढे कितीतरी दिवस तिने वर्गात काहीही विचारले नाही.

खरी गोष्ट अशी होती, की मला उत्तर येत नव्हते. शिक्षकाला उत्तर आले नाही, की प्रश्न चमत्कारिक वाटू लागतो!

मग मी वाचायला बसलो. खोडदच्या परिसरात अशा ३० बशा आहेत. त्यांतल्या १४ एकमेकींच्या जवळ आहेत आणि बाकीच्या तीन दिशांना सुमारे २५ किलोमीटरच्या विस्तारात पसरलेल्या आहेत. प्रत्येक बशीचा व्यास ४५ मीटर आहे. एवढी मोठी बशी पत्र्याची केली असती, तर तिचे वजन आणि खर्च किती वाढला असता! शिवाय वाऱ्याने तिला शिडासारखे ढकलले असते. डॉ. गोविंद स्वरूप (१९२९–२०२०) आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगळा मार्ग काढला. त्यांनी पोलादी नळ्यांच्या सोळा कमानी केल्या, त्यांच्यामध्ये तारेचे दोर ताणले आणि दोरांवर बारीक तारेची जाळी बसवली. आपण लाकडी चौकटीवर सुतळी ताणून बाज विणतो ना, काहीशी तशीच ही रचना आहे.

आता जाळीतून गळण्याविषयी. घरातली पिठाची चाळणी आठवा. पीठ खाली पडते, कोंडा वर राहतो. भोकापेक्षा लहान ते जाते, मोठे ते अडते. ही दुर्बीण ज्या रेडिओ लहरी पकडते, त्यांची लांबी सुमारे २१ सेंटीमीटरपासून दोन मीटर आणि त्याहूनही जास्त असते. जाळीचे भोक मात्र एक ते दोन सेंटीमीटरचे आहे. एवढ्या मोठ्या लहरीला ती जाळी अखंड पत्र्यासारखीच असते. लहर परत फिरते, वारा मात्र निघून जातो.

म्हणजे ज्या प्रश्नाला आम्ही सारे हसलो, तोच प्रश्न दुर्बीण बांधणाऱ्यांनाही सोडवावा लागला असणार.

रोजच्या गोष्टीकडे असे तिरकस पाहणाऱ्या माणसांना आपण 'किताबी कीडा' म्हणतो, वेडे म्हणतो. नाशिकजवळ देवळालीला दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) नावाचे शाळामास्तर होते. त्यांना आकड्यांचा नाद होता. गणिताचे पदव्युत्तर शिक्षण त्यांनी घेतलेले नव्हते. आपल्या इथल्या अनेक गणितज्ञांना त्यांचे काम पोरखेळ वाटे. पण १९७५ साली अमेरिकेतील मार्टिन गार्डनर यांनी एका मासिकात त्यांच्याविषयी लिहिले आणि जगाला हे मास्तर माहीत झाले. त्यांनी शोधलेली एक गंमत तुम्ही एस.टी.त बसूनही करू शकता. समोरच्या गाडीचा नंबर घ्या, समजा ३५२४. हेच अंक वापरून मोठ्यात मोठी संख्या करा आणि तिच्यातून लहानात लहान वजा करा : ५४३२ – २३४५ = ३०८७. पुन्हा तसेच : ८७३० – ०३७८ = ८३५२. आणखी एकदा : ८५३२ – २३५८ = ६१७४. पुढे कितीही वेळा करा, ६१७४ हेच येत राहील. चारही अंक सारखे असलेला नंबर मात्र घेऊ नका. बाकी कोणताही घेतला, तरी जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत ६१७४ येतेच.

तुमच्या स्वतःच्या वहीतही एक नवल आहे. उर्दू तुम्ही उजवीकडून डावीकडे लिहिता. मग त्याच ओळीत '१९४७' लिहिताना हात उलटा का जातो? याचे कारण, अंक लिहिण्याची ही रीत हिंदुस्थानातून अरबांकडे गेली. नवव्या शतकात बगदादमध्ये अल्-ख्वारिझ्मी यांनी या हिशेबपद्धतीवर ग्रंथ लिहिला. आणि अंकांच्या फार जुन्या खुणा पाहायच्या असतील, तर लांब जायला नको. आपल्याच जुन्नर तालुक्यातील नाणेघाटात, सातवाहन राणी नागनिकेच्या दोन हजार वर्षांपूर्वीच्या लेखात त्या कोरलेल्या आहेत. तिथे एकासाठी एक आडवी रेघ आहे आणि दोनासाठी दोन.

काही पालक म्हणतात, "सर, असे प्रश्न परीक्षेत येतात का?" येत नाहीत, हे खरे आहे. दहावीच्या गुणांची चिंता मलाही आहे. पण जी मुलगी हसण्याच्या भीतीने गप्प बसायला शिकते, ती न समजलेल्या धड्याविषयीही विचारत नाही, आणि मग गुणही जातातच. हे नुकसान आम्ही शिक्षक करतो, आणि मागच्या बाकावरचे तुम्हीसुद्धा करता.

उत्तर सापडल्यावर मी ते वर्गात सांगितले. त्या दिवशी हसलो, ही माझी चूक झाली, असेही सांगितले. ती मुलगी थोडा वेळ विचार करत राहिली. मग तिने हात वर केला.

"सर, उजेड तर त्या जाळीतून गळतो ना?"

हो, गळतो. उजेडाच्या लहरी फारच बारीक असतात. म्हणून तर त्या बशीतून पलीकडचे आकाश दिसते. मी इतकी वर्षे ते पाहत होतो.